गोगूकाकाचं कोपर

"चोर! अख्खी टोळी चोरांची!"

हुनेदोआरा शहरातल्या त्या क्रीडागृहात एवढा गोंगाट होता की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. तरी झाम्फिराचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं हातातले स्क्रू तसेच धरून वळून बघायला लागली. चाकाच्या खुर्चीत बसलेली नऊ वर्षांची पोर, लाल टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आमच्या टेबलावरच्या यांत्रिक हाताकडे बघून थरथरत होती. थरथर तिला जन्मापासूनची. पण आजची वेगळी होती. तिच्या आईला, वेताला, ते कळलं आणि मलाही कळलं.

"दुरुस्तीला न्यायचाय म्हणालास ना रे?" झाम्फिरा कोद्रुत्सला म्हणाली. "तेलपाणी करायचंय म्हणालास. इथे कुठे तेल घालतायत?"

कोद्रुत्स आमच्या संघाचा रोबो चालवणारा मुलगा. एरवी तोंडाळ. आता बुटांकडे बघत उभा राहिला.

तो हात आमच्या मुलांनी आदल्या वर्षी झाम्फिरासाठी बनवला होता. तिचे स्वतःचे हात तिचं ऐकत नाहीत. चमचा तोंडाशी येईपर्यंत चोर्बा, आमच्याकडचं आंबट सूप, मांडीवर सांडायचा, मग आई भरवायची, आणि कुणी भरवलेलं तिला मार खाल्ल्यासारखं लागायचं. आमची कप्तान इलिंका कितीतरी शनिवार तिच्या गावी जात राहिली. मापं घेतली, चमच्याचा कोन बदलला, बटण हनुवटीखाली आणलं. पहिला घोट आपला आपण घेतल्यावर झाम्फिराने आभारबिभार काही मानले नाहीत. "आता सगळ्यांनी बाहेर जा," एवढंच म्हणाली. हाताचं नाव गोगूकाका ठेवलं तेही तिनेच.

आमची स्पर्धा नुसती रोबोंची नसते. मैदानात रोबो चेंडू उचलतो आणि मैदानाबाहेर परीक्षक विचारतात, लोकांसाठी काय केलंत? आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर मांडून ठेवायचं होतं. "फोटो सगळेच आणतात," त्या म्हणाल्या, "आपण प्रत्यक्ष हात नेऊ." मी म्हटलं, हात आपला नाही. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "प्रोदान सर, तुम्ही निवृत्त झालात. संघ शाळेचा आहे." मग मुलांनी मतदान केलं. दर गोष्टीत मतदान घ्यायची सवय मीच त्यांना लावलेली. हात न्यायचं ठरलं. इलिंका विरुद्ध होती. ती हरली आणि गप्प बसली. कोद्रुत्स हात आणायला गेला, पोरीला खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तेलपाण्याची थाप मारून आला.

एवढ्यावर भागलं असतं तर एक. पण शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी पाठवून मायलेकींनाही इथे आणवलं. परीक्षकांच्या डोळ्यांदेखत पोर जेवली की बक्षीस आपलंच, असा त्यांचा बेत.

"उभे काय राहिलात? लावा गोगूकाका," झाम्फिरा म्हणाली. "मला भूक लागलीय."

वेताने डब्यातला चोर्बा ताटलीत ओतला. इलिंकाने हात खुर्चीला अडकवला. झाम्फिराने हनुवटीने बटण दाबलं. खांदा वळला, मनगट वळलं, पण मधलं कोपर तसंच लोंबत राहिलं. चमचा ताटलीत आपटला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

इलिंकाने कोपरावरचं झाकण काढलं. आत काही नव्हतं. दोन वायरींची टोकं तेवढी निळ्या चिकटपट्टीने नीट गुंडाळून ठेवलेली.

"मोटर कुठाय?"

ती कोद्रुत्सकडे वळली.

"कोद्रुत्स, मोटर कुठाय?"

"रोबोच्या पंजात," तो म्हणाला. "सकाळी आपली जळली ना. सामना पुकारला होता, वेळच नव्हता. आणि ही अगदी तशीच, समोर पडलेली…"

"पडलेली?"

"तिच्यामुळेच जिंकलो ना आपण! अंतिम फेरीत आलो ते काय तुझ्या भाषणांनी आलो?"

"इथे एखाद्याची मोटर जळली तर तो काय करतो?" इलिंकाने आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली गेला की मला भीती वाटते. "सांग ना. काय करतात इथे?"

ते तिथल्या सगळ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. मोठ्याने ओरडून विचारायचं. मग चार टेबलांवरून मुलं धावत येतात, त्यात पुढच्या सामन्यात तुमच्याविरुद्ध खेळणारीही असतात. सकाळी शेजारच्या टेबलावर तिमिशोआराच्या मुलांच्या खोक्यात तशा दोन मोटरी होत्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

"मागायची लाज वाटली," इलिंका म्हणाली. "आणि न विचारता उचलायची नाही वाटली. वा रे बहाद्दर!"

"त्या शहरवाल्यांकडे मागू? म्हणजे ते म्हणणार, आली खेडवळ पोरं हात पसरायला!"

"म्हणून तू खेड्यातल्या पोरीचं कोपर उपटलंस!"

संघातला धाकटा ओक्ताव तेवढ्यात सगळ्या टेबलांवर विचारून धापा टाकत आला. तशी मोटर कुणाकडेच नव्हती. तिमिशोआरावाले हरून केव्हाच घरी निघाले होते.

मुख्याध्यापिकाबाई आल्या. काय झालं ते ऐकून घेतलं, आणि खुर्चीपुढे वाकून आवाजात साखर घोळून म्हणाल्या, "झाम्फिरा बाळा, सामना झाला की लगेच तुझी मोटर परत हं. तोवर आई भरवेल. चालेल ना सोन्या?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. खुर्चीत बसलेल्या मुलाने समजूतदार असायलाच हवं, असं लोक धरूनच चालतात. त्या पोरीने रोज किती समजून घ्यायचं?

"नाही," झाम्फिरा म्हणाली.

"थोडाच वेळ गं."

"आत्ता."

ओक्ताव चाचरत म्हणाला, "मग… मतदान घेऊ या का?" दोघांतिघांचे हात वर जायलाही लागले.

मी मुलांवर कधी ओरडत नाही. रोबोलाही हात लावत नाही. चूक त्यांची, दुरुस्तीही त्यांची, हा माझा नेम. पण त्या वर जाणाऱ्या हातांकडे बघून माझं डोकं फिरलं.

"हात खाली!" मी ओरडलो. "दुसऱ्याच्या वस्तूवर मत द्यायला तुम्ही कोण? मागच्या वेळी दिलंत, तेच पुष्कळ झालं!"

"सर, तुम्ही यात पडू नका," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

"मग जाऊ दे नाव! लेकराच्या तोंडचा चमचा काढून मिळवलेलं नाव कुणाला दाखवणार आहात, बाई?"

त्या लाल झाल्या. इलिंका पेचकस घेऊन रोबोकडे वळली. कोद्रुत्स आडवा आला. क्षणभर मला वाटलं, आता हाणामारी होणार. पण त्याने तिच्या हातातून पेचकस हिसकावून घेतला.

"दे इकडे. मी वायरी कशा घुसवल्यात ते तुला सात जन्मांत कळायचं नाही."

तो गुडघ्यांवर बसला आणि पंजा उघडायला लागला. रागाने रडत होता, नाक बाहीला पुसत होता, आणि हात मात्र एकदाही चुकला नाही. मोटर निघाली, कोपरात बसली. त्याने झाकण लावलं आणि झाम्फिरावर खेकसला, "झालं समाधान?"

"अजून हलला कुठाय?" ती म्हणाली.

अंतिम सामना दोन-दोन संघ जोडीने खेळतात. आमच्या जोडीला ब्राडचा संघ होता. त्यांची कप्तान, दोन वेण्या घातलेली एक दांडगी मुलगी, आमच्या पंजा लुळा पडलेल्या रोबोकडे बघतच राहिली.

"आणि आमचं काय?" ती म्हणाली. "आम्ही दोन महिने झोपलो नाही. आम्ही कुणाचं काय घेतलं होतं?"

ती पाय आपटत मैदानाकडे गेली आणि आमची मुलं खाली मान घालून तिच्यामागे गेली.

सामना मी लांबूनच पाहिला. आमचा रोबो चेंडू उचलू शकत नव्हता. कोद्रुत्स शेवटच्या भोंग्यापर्यंत ते नुसते ढकलत राहिला. ब्राडच्या मुलांनी एकट्यांनी जे जमेल ते केलं. पण ते पुरण्यासारखं नव्हतं. समोरच्या बाकांवर ढोल वाजायला लागले.

कोद्रुत्स परत आला तेव्हा झाम्फिरा जेवत होती. कोपर वाकत होतं, चमचा वर येत होता.

"नीट चालतोय का?" त्याने विचारलं.

"करकरतोय. आधी नव्हता करकरत."

तो वाकून कोपराला कान लावायला गेला.

"बघू नकोस!" ती ओरडली. "मी जेवतेय ना! कुणी जेवताना असं बघतं का?"

तो चटकन सरळ झाला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई निळ्या सदऱ्यातल्या दोन परीक्षकांना घेऊन आल्या. चेहऱ्यावर पुन्हा हसू आणलेलं. "हीच ती आमची…"

"नंतर या," कोद्रुत्स म्हणाला.

"अरे, आम्हाला फक्त हात कसा चालतो ते बघायचंय," त्यातले वयस्क परीक्षक म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"ती जेवतेय. आणि हात आमचा नाही, तिचा आहे. आम्ही तिला थाप मारून आणला, मोटर काढून रोबोत घातली. मी घातली. लिहायचं असेल तर हे लिहा."

"कोद्रुत्स!" मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज चिरकला.

इलिंका आली आणि खुर्चीला पाठ करून त्याच्याशेजारी उभी राहिली. त्याच्याशी ती बोलली नाही, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. पुढचे कितीतरी दिवस बोलणार नव्हती, हे तिच्या आवळलेल्या जबड्यावरून दिसत होतं. ओक्तावही येऊन उभा राहिला. परीक्षक दोन्ही बाजूंनी वाकून बघायचा प्रयत्न करत होते आणि मुलं जागची हलत नव्हती.

मीही टेबलाजवळची माझी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसलो.

"आई," मागून झाम्फिरा म्हणाली, "अजून वाढ. आणि तूही तिकडे बघ."