हिरामणचा हात

मित्रांनो, माझी काळी घरं आता विटून तपकिरी झाली आहेत. मी बुद्धिबळाचा लाकडी पट. उरणच्या एका सुताराने मला घडवलं आणि हिरामणने मला पोटच्या पोरासारखं जपलं. स्पर्धेला जाताना तो मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून न्यायचा. त्याची एक खोड होती. सोंगटी ठेवली की बोटाने ती जागेवरच एकदा गर्रकन फिरवायची. माझ्या अंगाला ते नेमकं कळायचं.

मग तो आजारात गेला. त्याची मुलगी उन्नती तेव्हा पाळण्यात होती. त्याच्या बायकोने, मालतीबाईंनी, मला कपाटावर ठेवलं. तिथे धूळ साचली, दमटपणाने मी वाकडा झालो, पण कुणी विचारलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी द्रोणागिरीतल्या नव्या फ्लॅटमध्ये उन्नतीनेच मला खाली काढलं. ती छान खेळायची, पण सुरुवातीलाच मार खायची. तिचे शिक्षक ऋषी सर म्हणाले, "ओपनिंगच्या चाली पाठ करू नकोस. जुन्या स्पर्धांतले डाव मांड आणि प्रत्येक चालीला विचार, ही का केली?"

सरांनी पाठवलेल्या जिल्ह्यातल्या डावांत तिला वडिलांचं नाव दिसलं. रोज दुपारी ती लॅपटॉपवर बघून ते डाव माझ्यावर मांडू लागली. आणि एके दिवशी, मित्रांनो, माझ्या अंगावर घोडा टेकला आणि गर्रकन फिरला.

मालतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला.

"हे तुला कुनी शिकवलं?"

"काय गं आई?"

"घोडा फिरवायला. तुजा बाप असाच ठेवायचा."

"मी कुठे फिरवला?" उन्नती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर भलतंच घडू लागलं. पुढची चाल पडद्यावर यायच्या आधीच तिचा हात ती खेळून मोकळा व्हायचा. हरलेल्या डावांत हिरामणचा वजीर प्रत्येक वेळी कडेचं फुकटचं प्यादं खायला धावायचा आणि तिथेच अडकायचा. उन्नतीने त्या प्याद्यावर बोट ठेवलं. "आई, मीपण इथेच हरते गं. अगदी इथेच!"

खारघरच्या स्पर्धेत पट आपापला न्यायचा होता. शेवटच्या फेरीत समोर भाविका नावाची मुलगी होती. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती. भाविकाने तेच प्यादं मोकळं सोडलं. उन्नतीचा हात वजिराकडे निघाला. हात लागला की तीच सोंगटी चालवावी लागते. तिची बोटं वजिराच्या डोक्यापासून केसभर वर अडून राहिली; जणू कुणी वरून दाबत होतं. पंखा सुरू होता, तरी माझ्यावरची हवा थिजली होती.

"नको, बाबा," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" भाविकाने विचारलं.

उन्नतीने हात मागे ओढला आणि दुसऱ्या बाजूचा उंट काढला. तो डाव ती जिंकली. मनगट मात्र संध्याकाळपर्यंत गार होतं. मालतीबाई ते चोळत बसल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पटांना माळ्यावर टाकू नका. गेलेल्यांचे डाव मांडा, त्यांच्या चुकाही मांडा. त्यातूनच माणूस शहाणा होतो. फक्त एक ऐका. असा डाव मांडून बसलात आणि समोरची खुर्ची रिकामी असली, तर तिच्याकडे फार वेळ बघू नका.