दिवाळ्यातल्या खोट्या हळदीचा फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय. सध्या दिवाळे गावात जमिनीवर पसरलोय आणि माझ्या अंगावर जवळा वाळतोय. वासाचं मनावर घेऊ नका. मी एके काळी सिनेमात होतो.

दिग्दर्शिका क्षिप्राताईंचा तो पहिलाच सिनेमा, धमाल विनोदी. मुलाखतीत सगळे त्यांना विचारतात, शेवटच्या हळदीला इतकी जिवंत गर्दी आणली कुठून? ताई नुसत्या हसतात. म्हटलं, आता आपणच सांगावं.

माझा जन्म पावणे गावातल्या एका छापखान्यातला. ‘चि. हितेश कोळी आणि चि. सौ. कां. उन्नती यांचा हळदी समारंभ’, शेजारी दोघांचे हसरे फोटो, खाली शूटिंगचीच तारीख आणि जागा. दोघेही नट, उन्नती झालेली मुलगी म्हणजे प्राची. सेट सजवणाऱ्या निशांतला सगळं खरंखुरं लागायचं. त्यानं हौसेनं माझ्या तळाला ओळ घातली, ‘पत्रिका पोचली नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ वर मी कोरा करकरीत दिसू नये म्हणून मला आधीच गावच्या नाक्यावर टांगून ठेवलं.

शूटिंग होतं गावातल्या नामाशेठच्या अंगणात. त्याचा बोभाटा करू नका, असं ताईंनीच त्यांना बजावलं होतं, उगाच बघ्यांची गर्दी नको म्हणून. गावात कोळी आडनावाची घरं काय कमी आहेत? प्रत्येकाला वाटलं, हितेश दुसऱ्या आळीतला कुणीतरी असणार.

शूटिंगच्या दिवशी मला मांडवाच्या तोंडाशी आणलं. ताईंचा चेहरा उतरला होता. अख्खं गाव नाचतंय असा सिनेमाचा शेवट, आणि ठरवलेली माणसं निम्मीसुद्धा आली नव्हती. दुसरा दिवस मिळणार नव्हता. शेवटच नसेल तर सिनेमा कसला?

तेवढ्यात माणसं यायला लागली. गजरे माळून, नटूनथटून, पोराबाळांसकट. बेंजो सुरू झाला आणि अंगण नुसतं उसळलं. ताईंना वाटलं ही माणसं निशांतनं आणली, निशांतला वाटलं ताईंनी. कॅमेरे चालूच राहिले. मी तर छाती फुगवून उभा होतो.

मग सगुणाबाई जेवणाकडे वळल्या. बाजारात मासळी विकणारी ही म्हातारी, गावात तिचा शब्द चालतो. त्यांनी भाताच्या पातेल्यात डाव घातला, तर वर भाताचा थर आणि खाली थर्माकोल. बेंजो थांबला. आमची मस्करी लावलीय काय, म्हणत त्या निघाल्या आणि त्यांच्यामागे सगळं अंगण.

ताईंनी माईक घेतला. “ही हळद खोटी आहे. माझा पहिला पिक्चर आहे हो. तुम्हाला फसवायचं नव्हतं. जायचं तर जा, पण प्लीज, रागावून जाऊ नका.”

मला वाटलं, संपलं. पण नामाशेठ पुढे आले.

“मांडव माज्या दारात हाय. आता कुनी उपाशी गेला त लाज माजी जाईल. पोरी, तू तुजा पिक्चर काड, मी चुली पेटवतो.”

मग काय! घराघरातून मासळी आली, बायका कांदे चिरता चिरता गायला लागल्या, आणि ते सगळं कॅमेऱ्यात आलं. त्या प्रसंगाला थिएटरात शिट्ट्या पडल्या म्हणतात. सगुणाबाईंनी प्राचीची साडीनं ओटी भरली. ती साडी परत द्यायला गेली, तर म्हणाल्या, भरलेली ओटी कुनी परत घेतं काय? मांडव उतरवताना त्यांनी मलाही मागून घेतलं.

परवा प्राची आली, जिच्याशी लग्न ठरलंय त्या ऋषीला घेऊन. सगुणाबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं, मग माझ्यावरच्या हितेशकडे पाहिलं आणि हा जरा बारीक हाय, असं जाहीर केलं. सगळे हसले. त्याच्यासाठी ताट वाढताना मात्र त्यांचा हात थांबला.

“जावईबापू, माजी पोर सुकात राहील ना?”

ऋषी वाकून त्यांच्या पाया पडला. प्राचीला रडू आवरेना. मी प्लॅस्टिकचा असूनही मला भरून आलं.

उन्हानं माझा रंग उडालाय, कडा विरल्यात. तक्रार काही नाही. दिवाळ्याला आलात तर माझ्यावर पाय देऊ नका, जरा बाजूनं या. आणि सगुणाबाई जेवायला बसा म्हणाल्या, तर मुकाट्यानं बसा.