खरकटी बाटली

माझ्या घरातल्या कुठल्याही भांड्यात कुणीही बोट फिरवून पाहावं, माझी हरकत नाही. महाल भागातल्या आमच्या गल्लीत यावरून माझी चेष्टा होते, ते मला ठाऊक आहे. शेजारच्या शोभाताई म्हणतात, सुमतीबाई कोळसासुद्धा धुऊन शेगडीत टाकतात. म्हणू देत.

अशा घरात रंभा नऊ वर्षं टिकली याचंच लोकांना नवल. रंभा म्हणजे आमची कुत्री. एक कान उभा, एक पडलेला, रंग चिखलाचा. नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. मधुसूदनरावांना असले विनोद सुचतात. आम्हाला मूलबाळ नाही. रंभेवर माझा फार जीव होता, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

एकाहत्तर सालच्या थंडीत ती अंगणात थेंब थेंब करायला लागली. बसायची, कुंथायची, चार लालसर थेंब पडायचे, की पुन्हा दोन पावलांवर बसायची. एका सकाळी माझ्या ताज्या रांगोळीवरच बसली. मी जोरात ओरडले. एरवी ती पळाली असती. त्या दिवशी ती तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली.

सीताबर्डीच्या पलीकडे ढोरांचा दवाखाना होता. बैल, म्हशी आणि गवळी यांच्या गर्दीत कुत्रं घेऊन आलेली मी एकटीच. श्रीधर डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं.

"मूत्राशयात खडा आहे. सुपारीएवढा तरी असेल. कापून काढावा लागेल. पण आधी लघवी तपासू. उद्या सकाळची आणा, स्वच्छ बाटलीत."

सांगायला काय जातं! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जर्मनची जुनी ताटली घेऊन रंभेच्या मागे अंगणभर ओणवी फिरत होते. ती बसली की मी ताटली सरकवायची, ताटली दिसली की ती उठायची. शोभाताई कुंपणावरून विचारत होत्या, "काय शोधून राहिल्या वं सुमतीबाई?" तासाभराने चार चमचे मिळाले. ते मी बाटलीत ओतलं. बाटली ह्यांच्या मधाची होती. खोकल्यासाठी हे मधातून चूर्ण घेतात. राखेनं घासून, तीन पाण्यांनी धुऊन मी ती कधीच पालथी घातली होती.

दवाखान्यात नत्थूजी कंपाउंडरनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आमचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवट झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बाटली स्वच्छ होती ना?"

"आमच्या घरातून खरकटी बाटली बाहेर पडत नाही," मी फटकारलं.

"मग चाकू लावता येणार नाही. एवढी साखर असताना जखम भरत नाही, पिकते. आणि खडा अडकून लघवी तुंबली तर तिचे फार हाल होतील." त्यांनी आवाज खाली आणला. "सोमवारी आणा. इंजेक्शन देऊन शांत झोपवू."

घरी आल्यावर हे म्हणाले, "हाल तरी नकोत तिचे." मीही मान डोलावली. रविवारी मी तिला दूधपोळी केली. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी मागच्या मोरीशी गेले. तपासणीची रिकामी बाटली मी परत आणून, धुऊन तिथल्या कट्ट्यावर ठेवली होती. बाटली टाकून देणं माझ्याच्यानं होत नाही. तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. काचेवर नाही, टोपणावर. आणि तिथेच खाली फरशीवर रंभेचे ताजे थेंब पडले होते. त्यांच्याकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

ह्यांच्या आत्याबाईंना साखर होती. त्यांच्या मोरीत मुंग्यांनी कसा उच्छाद मांडला होता ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी टोपणातली बुचाची चकती सुईनं उचकटली. खाली मध होता. पिवळा, चिकट, माझ्या नाकावर टिच्चून बसलेला.

आधी लाज वाटली. मग राग आला, आणि मला राग आला की हात चालतात. स्टीलची ताटली आणि झाकणाची डबी मी पातेल्यात बुडवून खळखळ उकळली आणि पुन्हा रंभेच्या मागे लागले.

"अगं, डॉक्टर काय म्हणतील?" हे म्हणाले. "बाटली स्वच्छ होती म्हणून तूच सांगितलंस."

"तेच परत घ्यायला चालले आहे."

एकटी कशी जाणार म्हणून शोभाताई रिक्षात चढून बसल्या. त्यांना नको म्हणायला वेळ नव्हता.

दवाखान्यात टेबलावर सुई तयार होती. मी डबी पुढे केली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच असं वाटतं. त्या दिवशी बाटलीचं मी तुम्हाला विचारलं होतं."

"मी चुकीचं सांगितलं. माझी बाटली खरकटी होती."

"काय म्हणून राहिल्या बाई?" म्हशीच्या हंबरण्यात नत्थूजींना ऐकू आलं नव्हतं.

"खरकटी होती!" मी ओरडले. व्हरांड्यातले गवळी वळून बघायला लागले. शोभाताईंचा तर आ वासला. "टोपणात मध राहिला होता. ही डबी उकळून आणली आहे. तपासल्याशिवाय मी हिला टेबलावर ठेवणार नाही."

"पाहून घेऊ न साहेब एक डाव," नत्थूजी म्हणाले. "मले काय जड हाय?"

नळी दिव्यावर धरली. निळं औषध उकळायला लागलं. मी रंभेला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरली. नत्थूजींनी नळी उजेडात फिरवून दाखवली. निळं ते निळंच होतं.

डॉक्टरांनी नळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "नत्थूजी, ती सुई उचला. ऑपरेशनचं सामान उकळायला टाका."

दीड तास लागला. तेवढा वेळ शोभाताईंनी माझा हात धरून ठेवला आणि बाटलीबद्दल एक अक्षर काढलं नाही. पुढे गल्लीभर सांगितलं, ते निराळं. शेवटी नत्थूजींनी कापसावर दोन खडे आणून दाखवले आणि आत बघून म्हणाले, "रंभे, मोठी हिंमतवाली हाय वं तू." तेव्हा मला जे रडू आलं ते मी पदरानंही पुसलं नाही.

टाके निघाल्यावर चार दिवसांनी सकाळी मी सडा घातला, रांगोळी काढली. रंभा पायरी उतरून आली आणि नेमकी रांगोळीच्या मधोमध बसली. कुंथली नाही. एक लांब, सरळ धार लागली, आणि संपता संपेना. रांगोळी पार वाहून गेली.

हे घाईघाईनं बादली घेऊन आले. "टाकू का पाणी?"

"थांबा," मी पायरीवर बसत म्हटलं. "मुंग्या येतात का ते बघू द्या."

हेही बादली ठेवून माझ्याशेजारी बसले. अंगणात ऊन येईपर्यंत आम्ही बसून होतो. एकही मुंगी आली नाही.