डावीकडची बटणं

शिंप्याने कोट हँगरवरून काढून तिच्यापुढे धरला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. तिने कोट पाहिला मात्र, त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“अस्तर नवं घातलं. आणि बटणं बायकी करून दिली. पुरुषी कोट घालून कुठं फिरणार तुम्ही?”

उजवीकडची बटणं डावीकडे गेली होती. जुनी काजं बुजवून दुसऱ्या बाजूला नवी कापली होती. उजव्या खांद्यावरून छातीवर येणारी जादा पट्टीसुद्धा उसवून पलीकडच्या खांद्यावर बसवली होती. काम इतकं सफाईदार होतं की तिला आणखीच चीड आली. शिवण उसवता येते हो, कापलेलं काज कसं उसवणार?

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? मी फाटलेल्या अस्तराचं म्हटलं होतं!”

“तुम्हीच म्हणालात ना, कोट माझा आहे म्हणून!”

म्हणाली होती. काय करणार? तिचा नवरा, म्हणजे अख्ख्या गल्लीचे कोटसाहेब. त्यांचा कोट म्हटलं की हा शिंपी हात लावायला तयार नसे. मागे एकदा मूळ बटण तुटलं म्हणून त्याने दुसरं लावलं, तर साहेबांनी दुकान डोक्यावर घेतलं होतं. म्हणून ती सरळ खोटं बोलली, आणि आता हे निस्तरणं आलं.

कोट कवटाळून ती तरातरा घराकडे निघाली. हसावं की रडावं तेच कळेना. ज्या कोटांवरून तिने जन्मभर नवऱ्याशी भांडण काढलं, त्यातल्याच एकासाठी आज ती भर दुकानात भांडून आली होती. घरातलं मोठं कपाट कोटांचं, आणि तिचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत. जुन्या बाजारातून, मेलेल्या माणसांच्या घरातून, कुठून कुठून ते कोट आणायचे साहेब. सगळे त्याच धाटणीचे: गुडघ्याखाली जाणारे, छातीवर कापड दुहेरी येणारे, खांद्यावर पट्ट्या, कमरेला पट्टा. पट्ट्याचं बकल कधी लावायचं नाही, गाठच मारायची. धागा बदलला की कोट मेला. असले नियम! आणि आणलेला कोट नुसता जपायचा नाही, घालायचा. ऑफिसला, बाजारात, दूध आणायलासुद्धा.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय सुधारला, काठी घेऊन चालता येतं, डॉक्टर रोज बाहेर फिरायला सांगतात. पण बाहेर गारठा, आणि कोट घालायचा तर बटणं लावायची कुणी? उजवीकडच्या बटणांपर्यंत डावा हात आडवा नेला की मधे तो निर्जीव हात लोंबायचा. मुलाने जाकीट पाठवलं, तर चेन एका हाताने लागेना. तिने एकदा पुढे होऊन बटणं लावली, तर म्हणाले, “मी काय बालवाडीत चाललोय?” आणि कोट काढून टाकला. तेव्हापासून खिडकीशी बसून होते. असेच बसून राहिले तर पायही जाईल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. लाडका कोट नीट करून समोर ठेवला तर निदान मन होईल, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

घरात शिरताच साहेबांची नजर कोटावर गेली.

“कुठं नेला होतास?”

तिने सांगून टाकलं. लपवणार किती वेळ?

“इकडे आण.” त्यांनी डाव्या हाताने कोट चाचपला. चेहरा लालबुंद झाला. “अगं, याने तर पार वाटोळं केलं! एवढी वर्षं टिकला कोट, या गाढवाने एका दिवसात बायकी केला! आणि तू? तुला विचारायला तोंड नव्हतं?”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?” तिचाही बांध फुटला. “बसा तिथंच खिडकीत! मी मेली काही करायला जाते आणि माझ्याच अंगाशी येतं. यापुढे तुम्ही आणि तुमचे कोट!”

ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. आत बाहेरचा आवाज येत होता. “मूर्ख… काजं बघा काय कापलीत… खांद्याची पट्टी कुठं आणून ठेवलीय…” शिव्या चालूच होत्या, पण मधेमधे थांबत होत्या. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. ओले हात तसेच घेऊन ती बाहेर धावली.

साहेब आरशापुढे उभे होते. कोट अंगात होता. आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं तसं. डाव्या हाताने त्यांनी उजवी बाजू ओढून डावीकडे आणली होती. बटणं आता थेट हाताशी आली होती. शेवटचं तेवढं राहिलं होतं. ते दोनदा निसटलं. ती पुढे झाली नाही, पदराला हात पुसत उभी राहिली. तिसऱ्यांदा बटण काजात बसलं.

“अगदी भिकार दिसतोय,” ते आरशाकडे बघत म्हणाले.

“दिसतोय खरा.”

“पट्टा तेवढा बांध. बकल लावशील तर याद राख.”

तिने गाठ मारली. जरा वेडीवाकडी बसली, पण त्यांनी ती तशीच राहू दिली. काठी घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

“तो करडा कोट आहे ना, मधल्या खणातला?”

“त्याला मी हातसुद्धा लावलेला नाही हं!”

“उद्या त्याच शिंप्याकडे दे,” साहेब चिडक्या आवाजात म्हणाले. “आणि सांग, तुझाच आहे म्हणून.”