खुनी फक्त आईंना ठाऊक

आमच्या सासऱ्यांना खुनी आठवेना, आणि त्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

नाना, म्हणजे जगन्नाथराव, बँकेतून रिटायर झाले आणि रहस्यकथा लिहायला लागले. त्याही कसल्या? कंपनी सरकारच्या काळातली जालन्याची छावणी, आणि तिथं येऊन टपकलेला विलायतेचा एक खानदानी उमराव, लॉर्ड व्हिटलकोट. कामधंदा काही नाही, सोबत सतरा पेट्या सामान. भाकरी काट्या-चमच्यानं खाणार, आणि छावणीत कुणाचा खून झाला की कोतवालाच्या आधी हा नाक खुपसणार. मी एकदा विचारलं, "नाना, गाव आपलं, माणसं आपली, मग हे गोरं ध्यान कशाला?" तर म्हणाले, "सुरुची, ज्याला समदं कळतं त्याची गोष्ट सांगण्यात काय मजा? ह्याला काहीच कळत न्हाई. ह्याला समजावता समजावता आपलं आपल्याला कळतं."

अशी सात पुस्तकं झाली. आठव्याचे अकरा भाग झाले आणि नानांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. स्मृतिभ्रंश आहे, वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आमच्या गल्लीचं नाव, आणि एक दिवस खुनी. कर्नल पेंबर्टनला सरबतातून विष कुणी दिलं, हे लेखकालाच माहीत नाही! टिपणं काढून ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

एका बऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "पुस्तक हातात घेऊन बघायचंय गं. माझं नाव मला वाचता येतंय तोवर." मी हो म्हणून बसले.

चार वाजता मी शाळेतून येते. चहा झाला की ते सांगणार, मी लॅपटॉपवर टाइप करणार. सोमवारी खुनी कर्नलची बायको. मंगळवारी खानसामा. बुधवारी चक्क पाद्री! रोज शेवट नवा, आणि रोज तितकाच ठासून.

"नाना, काल तर पाद्री होता ना?"

"पाद्री? छे! तो त्या दिवशी भोकरदनला गेल्ता." आणि होतंही बरोबर, पाचव्या भागात तसं लिहिलेलं होतं. मी मुकाट्यानं कालची पानं पुसून टाकली.

गोम कळली रविवारी. सकाळी मी स्वयंपाकघरात शिरत होते, तर नाना आईंना विचारत होते, "रमा, कर्नलचा खून कोणी केला गं?"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धोब्यानं."

"धोबी? धोबी कसा असंल?" नाना खुर्ची ओढून तिथंच बसले आणि तासभर धोब्यावरून भांडले. काय त्यांचा आवाज चढलेला! आणि भांडता भांडता तेच नाव त्यांना पटलं; रोजचा नवा खुनी इथून येत होता तर!

मी मुकुलला, माझ्या नवऱ्याला, गाठलं. तो हसायला लागला. "अगं, आईला खुनी माहीतच असतो. पहिला भाग लिहायच्या आधी नाना तिलाच नाव सांगतात. ती 'पटतं' म्हणाली तर पुस्तक पुढं. सातही पुस्तकं तशीच झालीत."

"मग आधी का बोलला नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?"

नवऱ्याची जात! इकडं मी पानं पुसून पुसून दमले, आणि ह्यांच्या घरात खुन्याचं नाव मेथीसोबत निवडलं जातंय. आईंना सरळ विचारलं तर मलाही धोबीच मिळणार. म्हणून पेन्सिल घेतली आणि अकरा भाग पहिल्यापासून वाचायला बसले.

चौथ्या भागात छावणीच्या मुनशीची आई दुपारी वारते. त्याच संध्याकाळी कर्नलचा खून होतो. सातव्या भागात डॉक्टर कॅरू सांगतो, मी त्या वेळी मुनशीकडं सांत्वनाला गेलो होतो. एवढ्या दुःखातही बिचाऱ्यांनी मला ओसरीवर बसवून, आपल्या चुलीवर गरम भाकरी करून वाढली. मुनशी मान हलवतो. साहेब म्हणेल त्याला तो मानच हलवणार! आणि आमचा लॉर्ड रुमालानं डोळे पुसतो आणि ह्या देशातल्या पाहुणचाराबद्दल डायरीत दोन पानं लिहितो.

मीही ते चार वेळा वाचलं होतं आणि चार वेळा हसले होते. अरे देवा! मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटते का? पिठलं-भाकरी शेजारपाजारचे आणून देतात. डॉक्टर तिथं गेलाच नव्हता.

मी तशीच उठून आईंकडं गेले. "आई, डॉक्टर ना?"

त्यांचा हात थांबला. "चुलीवरून ओळखलं? ती चूल मीच सुचवल्ती त्यायला."

"मग सांगत का नाही? तो माणूस रोज विचारून राह्यलाय आणि तुम्ही कधी धोबी, कधी पाद्री! थट्टा वाटते का तुम्हाला?" माझा आवाज चढला, मलाच कळलं.

आई शांतच होत्या. "दिवसभर काय बोलतात ते माझ्याशी? जेवले का म्हणलं तर मान हलवतात. पर सकाळी उठले की माझ्यापाशी येतात, खून कोणी केला इचारतात. चुकीचं नाव सांगितलं की भांडतात. ते भांडणारे, तेच माझे आहेत, सुरुची. खरं नाव सांगितलं की पुस्तक संपंल. मंग मला काय इचारतील?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण सांगणं भागच होतं. "आई, त्यांना पुस्तक हातात घ्यायचंय. स्वतःचं नाव वाचता येतंय तोवर. मला म्हणाले ते."

"मला न्हाई म्हणले," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं. आई म्हणाल्या, "डॉक्टर कॅरूनं." नाना भांडले नाहीत. "बराबर," म्हणाले, "चूल!" चार दिवसांत शेवटचा भाग सांगून झाला, कुठंही न अडखळता.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. नानांनी मुखपृष्ठावर बोट फिरवत 'जगन्नाथ' असं मोठ्यानं वाचलं. दिवसभर ते पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्याही नाही. चहा प्यायचे, भिंतीकडं बघत बसायचे. आई वाट बघायच्या, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी चौथ्या दिवशी आईंनीच विचारलं, "अहो, कर्नलचा खून कोणी केला?"

"कोणता कर्नल?"

मी ओट्याकडं तोंड केलं. रडू आवरेना.

आईंनी पदराला हात पुसले. पुस्तक आणलं, नानांच्या शेजारी बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. अक्षरांवर बोट ठेवून, सावकाश. सतरा पेट्यांसकट लॉर्डसाहेब बैलगाडीतून चिखलात पडले तसे नाना ठसका लागेपर्यंत हसले.

"कोणी लिहिलंय हे? लई भारी लिहिलंय."

"हाय एक जण," आई म्हणाल्या. "ऐका."

चौथ्या भागापर्यंत वाचून त्यांचा घसा बसला. त्यांनी पुस्तक मिटलं. नाना पुढं सरकून बसले होते.

"हा खानसामाच असंल," ते म्हणाले. "पर तू नाव सांगू नको हं. मजा जाईल."

"न्हाई सांगत," आई म्हणाल्या.