रिकाम्या हुकाचे साठ पौंड

"शून्य केलंस की हुक रिकामा आहे ना ते हात लावून बघ, पोरी. आणि मग पडद्याकडे पुन्हा एकदा बघ."

मला हे काम शिकवणाऱ्या आर्विडनं निवृत्त होताना हे सांगितलं आणि माझ्याकडून शब्दही घेतला, की चुकीचा कागद आपल्या दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

डुलुथच्या आमच्या चाचणीशाळेत त्या सकाळी रुग्णांना पलंगावरून उचलायचे पट्टे आले होते, एका वृद्धाश्रमासाठी. दोन हजार पौंडांच्या आत पट्टा तुटता कामा नये. त्यातले पाच यंत्राच्या हुकाला लावून ओढून तोडले. सगळ्यात कमी भरला तो दोन हजार शेहेचाळीस. मी प्रमाणपत्रावर सही केली. ट्रक चार वाजता यायचा होता.

ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालू होते, म्हणून उशिरा मिळालेल्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून जपमाळ घेतली. मन लागेना. बोटं पुढे जात होती, मी मागेच. मग कळलं, दहा मण्यांचा तोच फेर मी दोनदा म्हटला होता.

दोनदा. आणि सकाळ आठवली.

सकाळी थंडीनं ओढ मोजणारा लोड सेल रिकाम्या हुकावरही उणे साठ दाखवत होता. सॉफ्टवेअरमध्ये शून्याचं बटण मी दाबलं होतं. तेवढ्यात माझी वरिष्ठ मार्लीन हिनं हाक मारली, आणि तिला ओ देता देता माझ्या हातानं लोड सेलच्या पेटीवरचा खटकाही फिरवला. आर्विडच्या काळात शून्य तिथंच करायचं. तेच साठ दोनदा भरले गेले. पडद्याकडे पुन्हा बघितलं मात्र नाही.

आत धावले, सकाळची नोंद उघडली. पट्टा तुटल्यावर रेघ शून्यावर यायला हवी. पाचही वेळा ती साठावर थांबली होती.

मार्लीनला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, मग घड्याळ बघितलं. सॉफ्टवेअरमधून साठ वजा करून टाक, एवढंच ना, म्हणाली.

"केले. एकोणीसशे शहाऐंशी राहतात. चौदा कमी."

"लोरेटा, पलंगावरची आजी दीडशे पौंडांची. चौदानं तिचं काय जाणारे? का तुझा देव आता लोड सेलपण तपासतो?"

"देव नाही. आर्विड."

ती हसली नाही. वृद्धाश्रमाला काय सांगायचं ते तूच सांग, म्हणाली, मी त्या फोनला हात लावणार नाही. आणि पाठ फिरवली.

साडेतीन झाले होते. प्रमाणपत्र पहिल्याच खोक्यात, चिकटपट्टीखाली होतं. जाता जाता रिकाम्या हुकाला एकदा बोट लावलं, टेबलावरची कात्री उचलली आणि माल चढवायच्या दाराकडे चालू लागले.