टाँग टेस्टरला शून्य बोलायला लावलं तो दिवस

मी एक जुना टाँग टेस्टर आहे, म्हणजे वीज मोजणारं चिमट्याचं मीटर. मित्रांनो, माझी काच तडकली, रंग उडाला, पण राग काही गेलेला नाही. तो कशाचा, ते सांगतो.

माझा जबडा उघडून त्यात विजेची एकच तार घेतली, की तिच्यातून किती करंट वाहतो ते माझा काटा दाखवतो. सोबतच्या दोन वायरी टेकवल्या, की व्होल्टेजही दाखवतो. पुढचं गणित माणसानं करायचं.

माझं माणूस म्हणजे निशा. आयटीआयच्या वायरमन वर्गातली ती एकटीच मुलगी. सत्त्याण्णव साली ती राजारामपुरीतल्या मुलींच्या एका वसतिगृहात कामाला लागली. तिथं अंघोळीचं पाणी तापवायची मोठी टाकी होती. निशानं पहिल्याच आठवड्यात मला तिथं लावून वहीत लिहिलं : २४० व्होल्ट, ६ अँपिअर. व्होल्टेजला करंटनं भागलं, रोध आला ४० ओहम. दोन्हींचा गुणाकार केला, शक्ती आली १४४० वॉट. टाकीच्या पट्टीवर १५०० छापलं होतं. जवळपास जुळलं. तिनं मला मऊ फडक्यानं पुसून पिशवीत ठेवलं.

दोन वर्षांनी थंडीत टाकीची कॉइल जळाली. व्यवस्थापक हंबीररावांनी निशाला न विचारता सयाजी नावाच्या कंत्राटदाराकडून दुसरी बसवून घेतली. पाणी झटक्यात तापू लागलं आणि सगळे खूश झाले. निशानं मला तारेवर लावलं. काटा बारावर गेला.

रोध निम्मा, २० ओहम. शक्ती २८८० वॉट. भिंतीतली तार मात्र तीच, बारीक. आणि फ्यूज उडू नये म्हणून त्यात कुणीतरी जाड तार गुंडाळलेली. निशानं फ्यूज काढून घेतला, कागदावर सगळे आकडे मांडले आणि हंबीररावांच्या टेबलावर ठेवले.

"साहेब, करंट दुप्पट झालाय. तारेतली उष्णता चौपट होते. आधी तार बदला, मग टाकी चालू करा."

"पाणी तापतंय न्हवं?" हंबीरराव म्हणाले. "मग झालं की. तुझी शाळा तुझ्यापाशी ठेव."

त्यांनी सयाजीला बोलावून फ्यूज परत बसवून घेतला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी चिमणाबाईंनी टाकीचं बटण दाबलं. या बाई तिथं बारा वर्षं झाडलोट करत होत्या. बोर्ड पेटला आणि त्यांचा उजवा हात भाजला. त्या दवाखान्यात असतानाच हंबीररावांनी लिहून टाकलं, की बाईनं ओल्या हातानं बटण दाबलं, चूक तिची. कामावरून कमी करावं.

चौकशीला वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या नंदिनीबाई आल्या. हाताला पट्टी बांधून चिमणाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. टाकी तात्पुरत्या नव्या वायरीवर जोडली होती. सयाजीनं मला निशाच्या हातून ओढून घेतलं आणि एकमेकींना पीळ घातलेल्या दोन्ही तारा माझ्या जबड्यात कोंबल्या.

मित्रांनो, एका तारेतून करंट जातो आणि दुसरीतून तेवढाच परत येतो. दोन्ही एकदम धरल्या, की एकमेकींना पुसून टाकतात. माझा काटा शून्यावर पडला. मी खरं बोलणारं यंत्र, आणि माझ्याच तोंडानं खोटं वदवलं गेलं.

"बघा बाई," सयाजी म्हणाला. "लोडच न्हाय. तार जळंल कशी?"

निशा पुढं आली.

"बाई, टाकीला हात लावून बघा."

नंदिनीबाईंनी हात लावला. "गरम आहे."

"करंट शून्य, तर पाणी कशानं तापलं?"

निशानं मेन बंद केला, तारांचा पीळ सोडवला, एकच तार माझ्या जबड्यात घेतली आणि मेन चालू केला. काटा बारावर जाऊन थांबला. मग व्होल्टेज मोजलं, २४०. नंदिनीबाईंनी स्वतः भागाकार केला, गुणाकार केला. उत्तरं निशाच्या कागदावरचीच आली. कागदावर तारीख आगीच्या चार दिवस आधीची होती.

हंबीररावांची नोकरी गेली, सयाजीला फाटकातून आत घेणं बंद झालं. चिमणाबाई कामावर आल्या, पण दोन बोटं कायमची वाकडी झाली. नंदिनीबाई त्यांना म्हणाल्या, "गणितानं तुम्हाला न्याय दिला."

चिमणाबाईंनी बोटांकडं पाहिलं. "गणित तर आधीच केलतं की पोरीनं. माझा हात भाजस्तोवर कुणाला वाचता येत न्हवतं व्हय?"



आता आकडे उमटणारी नवी मीटरं आली. निशा आयटीआयत शिकवते आणि मी तिच्या कपाटात असतो. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मी मोडलो तर दुसरं मीटर मिळेल. पण मित्रांनो, कुणी वेळेवर मोजून तुमच्यासमोर कागद ठेवला, तर तो त्याच दिवशी वाचा.